पंख्याला कोणता रंग? झरीच्या पोराने रत्नागिरीहून विचारलेला प्रश्न

आमच्या झरीत समुद्र नाही. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथून रत्नागिरीचं बंदर रस्त्याने पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी गेल्या जूनपासून आमच्या घरात इशानंतर फोन वाजला की विषय एकच असायचा, बोटीच्या पंख्याला कोणता रंग लावायचा.

झालं असं. आमचा भाचा परभणीच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचं काम शिकला. दोन वर्षं ट्रॅक्टर खोलले, मग ओळखीतल्या एकाने बोलावलं म्हणून कोकणात बोटी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपवर लागला. इंजिनाचं काम त्याला येतं, पण खारं पाणी त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मागच्या वर्षी मालकाने त्याला एका छोट्या फायबर होडीचं आउटबोर्ड मशीन साफ करून रंगवायला दिलं. मोठ्या बोटीच्या तळाला लावून उरलेला लाल रंग डब्यात होता. पोराने तो मशीनच्या खालच्या पायाला मारला, पंख्याला मारला, आणि बाजूला बसवलेल्या झिंकच्या तुकड्यालाही मारला. दिसायला एकदम झकास. दिवाळीनंतर मशीन वर उचललं तर ॲल्युमिनियमला जागोजागी खड्डे पडलेले, पांढरी भुकटी सुटलेली. नुकसानीचे पैसे त्याच्या पगारातून तीन महिने कापले गेले. या जूनला बोटी वर ओढल्या तेव्हा मालक म्हणाला, "या वेळी नीट विचारून कर. परत तसं झालं तर सरळ गावी जायचं."

पोराने विचारलं आम्हाला. "मामू, तुम्ही वाचता-लिहिता, जरा बघून सांगा ना." आम्ही वाचलं, माहीतगारांना विचारलं, चार गोष्टी कळल्या. मिरकरवाडा, राजिवडा, साखरीनाटे या बाजूला आपल्या समाजाची शेकडो घरं मासेमारीवर चालतात, दालदी बिरादरीचा तर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. पण मराठवाड्यातून तिकडे कामाला जाणाऱ्या पोरांना कोणी बसवून सांगत नाही, म्हणून हे लिहिलं.

चिकटतं ते काय?

आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं असलं की मोटारीच्या आत पांढरा थर धरतो. पंख्यावर बसणारं ते तसंच काही असेल, असं आम्हाला आधी वाटलं. पण तो क्षार निर्जीव. समुद्रात पंख्यावर बसतं ते जिवंत असतं.

स्वच्छ धातू खाऱ्या पाण्यात सोडला की काही तासांतच त्यावर जंतूंचा बुळबुळीत पातळ थर येतो. मग शेवाळ येतं, आणि मग येतात बार्नेकल. खडकावर, जेट्टीच्या खांबावर पांढऱ्या, टोकदार, छोट्या ज्वालामुखीसारख्या कवच्या दिसतात ना, त्याच. दिसायला शिंपल्याचा भाऊ वाटतो, पण खरं नातं कोळंबी आणि खेकड्याशी. त्याचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं, पुढच्या दोन स्पर्शांगांवर अक्षरशः चालून जागा तपासतं, पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतं आणि मग मरेपर्यंत हलत नाही. ती चिकटवण इतकी पक्की की जीव मेला तरी कवच धातूवर राहतं, आणि कवच खरवडलं तरी खालची पांढरी चकती राहते. चार्ल्स डार्विन नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्यातली आठ वर्षं या एका प्राण्यावर घालवली आणि १८५१ ते १८५४ दरम्यान त्यावर जाडजूड ग्रंथ काढले. आमच्या भाच्याने हे ऐकून विचारलं, "त्यांना घरचे काही बोलले नाहीत का?"

आणखी एक लक्षात ठेवायचं. हे पिल्लू धावत्या पंख्यावर बसू शकत नाही, थांबलेल्यावर बसतं. म्हणून रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीचा पंखा कमी खराब होतो आणि जाळं फाटलं, खलाशी गावी गेले, डिझेलला पैसे नाहीत म्हणून पंधरा-वीस दिवस धक्क्याला उभ्या असलेल्या बोटीचा पंखा पाहता पाहता भरतो. आपलं पाणी उबदार, त्यामुळे वाढही जोरात. येलदरीच्या धरणात मासे धरणाऱ्यांना हा त्रास नाही. गोड्या पाण्यात शेवाळ, बुळबुळीत थर येतो, पण बार्नेकल नाही. येलदरीसाठी कोणी समुद्राचा महागडा रंग विकायला आला तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

पंखा भरला की काय होतं? पंख्याचं पातं म्हणजे विमानाच्या पंखासारखं घडवलेलं असतं. त्याचा गुळगुळीतपणा गेला की पाण्याला मागे ढकलायची ताकद कमी होते आणि फिरवायला जोर जास्त लागतो. इंजिनावर ओझं येतं. नेहमीचा थ्रॉटल देऊनही फेरे पूर्ण चढत नाहीत, धूर काळा येतो, आणि एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी कवच असेल तर शाफ्ट थरथरते. थरथर चालू राहिली तर बेअरिंग जातं. तळाच्या मानाने पंखा वीतभर वस्तू, पण इंजिनाची सगळी ताकद त्यातूनच जाते, त्यामुळे तिथला खडबडीतपणा महागात पडतो. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो हे खरं, पण तो मिळायला वेळ लागतो आणि टाकीत आज पैसे घालावे लागतात.

आधी धातू ओळखा

रंगाचा डबा उघडण्याआधी पंखा कशाचा आहे ते बघायचं. मोठ्या बोटीचा, आत इंजिन असलेल्या ट्रॉलरचा पंखा बहुतेक गनमेटल किंवा पितळेच्या जातीचा असतो. थोडं घासलं की पिवळसर-तांबूस चमक येते, हातात जड. आउटबोर्ड मशीनचा पंखा आणि पाय बहुधा ॲल्युमिनियमचे, वरून काळा किंवा करडा रंग, घासलं की आतून पांढुरकं, वजनाला हलकं. काही मशीनला स्टेनलेस स्टीलचा पंखाही असतो.

हे का महत्त्वाचं? दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की तो सेलच होतो. त्यातला कमजोर धातू झिजत जातो, दुसरा वाचतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम मरतं. तळाला लावायच्या नेहमीच्या लाल रंगात तांब्याचा ऑक्साइड भरपूर असतो, तोच तर बार्नेकलला मारतो. पोराने तोच ॲल्युमिनियमला थेट मारला. त्यातून झिंकलाही रंग मारला. झिंक तिथे बसवलेलं असतं ते स्वतः झिजून बाकीच्याला वाचवायला. त्याला रंगाखाली झाकलं म्हणजे राखणदाराला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. झिंकवर कुठलाही रंग, ग्रीस, काही नाही. ते उघडंच राहिलं पाहिजे, आणि निम्म्याच्या आसपास झिजलं की बदलायचं. धरणाच्या, नदीच्या गोड्या पाण्यात झिंक नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा तुकडा वापरतात.

ॲल्युमिनियमला रंग लावायचाच असेल तर डब्यावर 'ॲल्युमिनियमसाठी चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. अशा रंगात तांब्याचा ऑक्साइड नसतो. कॉपर थायोसायनेट नावाचा सौम्य प्रकार असतो किंवा तांबं अजिबात नसतं. खाली इपॉक्सी प्रायमरचे हात आधी द्यावे लागतात. पण आउटबोर्डवाल्यांना आमचा सल्ला याहून स्वस्त आहे. होडी धक्क्याला लागली की मशीन वर उचलून ठेवा, पंखा पाण्याबाहेर. बार्नेकल हवेत बसत नाही. रोज दोन मिनिटांचं काम आणि रंगाचा खर्च शून्य.

तांब्यालाच का चिकटतं?

भाच्याचा पुढचा प्रश्न आम्हाला आवडला. "मामू, बार्नेकलला तांबं मारतं, गनमेटलमध्ये तांबंच आहे, मग गनमेटलच्या पंख्यावर ते बसतंच कसं?"

याचं उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे. लाकडी जहाजांच्या तळाला किडे आणि कवच लागू नये म्हणून इंग्रजांच्या आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाला तांब्याचे पत्रे ठोकले. उपाय लागू पडला, पण पत्रे झिजायचे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली, डेव्ही खूश. जहाजं समुद्रात फिरून आली तर तळाला कवचच कवच. झालं होतं असं की तांबं झिजत होतं, थोडंथोडं पाण्यात विरघळत होतं, म्हणूनच ते जिवांना मारत होतं. झीज बंद केली तसं विषही बंद झालं.

आपल्या बोटीत अगदी हेच होतं. शाफ्टवर झिंक बसवलं की पंखा वाचतो, पण त्यातलं तांबं बाहेर पडत नाही, मग कवच बसतं. म्हणून काही जण झिंक काढून टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. पंख्याच्या धातूत बऱ्याचदा जस्त मिसळलेलं असतं. रक्षण गेलं की पितळेतलं जस्त आधी निघून जातं, पात्यावर गुलाबीसर डाग पडतात आणि आतून धातू भुसभुशीत होतो. जुने कारागीर पात्यावर हलका हातोडा मारून आवाज ऐकतात. टणत्कार आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तो पंखा रंगवण्यात अर्थ नाही.

पर्याय, आणि आमचं मत

तळाचा तांब्याचा रंगच गनमेटलच्या पंख्याला मारावा का? पुष्कळ जण मारतात. नुकसान ॲल्युमिनियमसारखं होत नाही, पण टिकत नाही. हिशेब करून बघा. समजा पंख्याचा व्यास ९० सेंटिमीटर आणि शाफ्ट मिनिटाला ४०० फेरे घेते. पात्याचं टोक तासाला साधारण ६८ किलोमीटर वेगाने पाणी कापतं, आणि बोट स्वतः आठ नॉटने म्हणजे तासाला जेमतेम १५ किलोमीटर चाललेली असते. तळाचा रंग त्या १५ साठी बनवलेला, हळूहळू झिजून नवा थर उघडा करणारा. पात्याच्या टोकाला तो काही दिवसांत उडतो. शिवाय जोरात फिरणाऱ्या पात्यामागे पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, ते हातोड्यासारखे आदळतात. मधल्या बोंडाजवळ रंग शिल्लक, टोकं उघडी, असं ओबडधोबड पातं बोटीला उलट मागे ओढतं.

दुसरा उपाय झिंकच्या फवाऱ्याचा. डबा हलवायचा, फवारायचा, झालं. स्वस्त आहे, थोडे आठवडे बरा चालतो, पातं धातूपर्यंत घासून कोरडं केलं असेल तर जरा जास्त. त्याच्याकडून वर्षभराची आशा धरू नका. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, गरम करून लावायचीही पद्धत आहे. तीही थोडे दिवसच. चरबी आणि तेल लावणं तसं जुनंच. इब्न जुबैर ११८३ मध्ये हजला निघाला तेव्हा लाल समुद्राकाठच्या ऐधाब बंदरात त्याने काथ्याने शिवलेल्या होड्या पाहिल्या, त्यांना तूप, एरंडेल किंवा शार्कचं तेल चोळत, आणि शार्कचं तेल सगळ्यात चांगलं, असं त्याने लिहून ठेवलंय. ते लाकूड लवचीक राहावं म्हणून होतं, पण समुद्रकाठी लोक पहिल्यापासून तेलाचा डबा जवळ ठेवतात हे खरं.

तिसरा उपाय नवा आणि महाग, सिलिकॉनचा लेप. न्यूझीलंडची 'प्रॉपस्पीड' यात नावाजलेली, इतरही कंपन्या बनवतात. यात विष नसतं. लेप इतका निसरडा आणि लवचीक असतो की कवचाची चिकटवण पक्की धरत नाही. पंखा जोरात फिरला की बसलेलं गळून पडतं. म्हणजे यालाही पंखा फिरावा लागतो. दोन महिने उभ्या बोटीवर हा लेपही भरतो, फक्त निघतो सहज.

पण लावणं म्हणजे सुन्नीने भिंत रंगवण्यासारखं नाही. जुना रंग, चकत्या सगळं काढून उघडा धातू करायचा, ८० नंबरच्या जाड पॉलिश पेपरने खरखरीत करायचा, मग सांगितलेल्या द्रावणाने पुसायचा आणि त्यानंतर पात्याला उघडं बोटसुद्धा लावायचं नाही. प्रायमर मारला की तो पूर्ण वाळायच्या आत, चिकट असतानाच वरचा थर द्यायचा. किती मिनिटांत, ते डब्यावरच्या कागदावर असतं, तो कागद फाडून फेकू नका. आता अडचण बघा. आपल्याकडे मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, बोटी शाकारून वर, कामाला वेळ हाच, आणि याच दिवसांत कोकणात हवा ओलीचिंब. ओल्या धातूवर कुठलाच लेप धरत नाही. यावर एकच तोड आम्हाला पटली. पंखा शाफ्टवरून काढा आणि बंद, कोरड्या खोलीत बल्ब लावून काम करा. पंखा काढायला पुलर लागतो, ट्रॅक्टरवाल्या मुलाला तो वापरता येतोच. आणि बोटीच्या तळाला रंग देणं चालू असेल तिथे सिलिकॉन नेऊ नका. त्याचा हात जिथे लागतो तिथे दुसरा रंग धरत नाही.

सिलिकॉनचा शत्रू म्हणजे ओरखडा. पंख्यात जाळ्याचा तुकडा किंवा दोर गुंतला, खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्याला पातं घासलं, की लेप सोलून निघतो. ज्या बोटीला रोज ओहोटीला वाळूवरून यावं लागतं तिने हा खर्च करू नये असं आम्हाला वाटतं.

आणि मग उरतो चौथा उपाय, ज्याबद्दल दुकानदार कधी बोलत नाही. काहीच लावू नका. पंखा गुळगुळीत घासा, चकाकी आणा, आणि हंगामात दर काही आठवड्यांनी भरती-ओहोटीच्या मधे बोट टेकवून किंवा पाण्यात उतरून साफ करा. मोठ्या मालवाहू जहाजांच्या पंख्यांना पाणबुडे नेमाने पॉलिश करतात, ते याचसाठी. रोज चालणाऱ्या, वाळू घासणाऱ्या ट्रॉलरला आमच्या मते हेच बरं. कधी चालते कधी उभी, अशा खोल पाण्यातल्या बोटीला सिलिकॉन. पाण्यात उतरायचं तर इंजिन बंद, चावी उतरणाऱ्याच्याच खिशात, आणि वर एक माणूस उभा. हे आम्ही भाच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं.

रंगातलं विष जातं कुठे?

बाजारात बिननावाचे डबे मिळतात, "जुना इंपोर्टेड माल, एकदम जालीम" म्हणून. जालीम म्हणजे काय ते विचारा. पूर्वी अशा रंगांत टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असायचं. कवच मारण्यात त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. पण फ्रान्समध्ये आर्काशॉनच्या उपसागरात कालवांची शेती त्याने बसवली. कालवांची पिल्लं जगेनात, कवचं वेडीवाकडी वाढू लागली. १९८२ मध्ये फ्रान्सने छोट्या बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरासाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. सायब्युट्रिन नावाच्या आणखी एका विषावर १ जानेवारी २०२३ पासून याच कराराखाली बंदी आली.

रत्नागिरीच्या खाड्यांत ओहोटीला बायका कालवं काढतात, मुळे वेचतात. तेच संध्याकाळी घरात शिजतं. बोट जिथे खरवडली जाते ती जागा पुष्कळदा त्याच खाडीच्या काठी. खरवडलेला लाल चुरा ताडपत्रीवर गोळा करायचा, पाण्यात लोटायचा नाही. घासताना तोंडावर चांगला मास्क, कोरडं न घासता पाणी मारत ओलं घासायचं, आणि लहान मुलं आसपास नकोत. कवच खरवडायचं तर बोट वर आली त्याच दिवशी, ओलं असताना. वाळलं की दगड होतं.

कुणाला अधिक विचारायचं असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था बोटींच्या रंगांवर आणि गंजावर काम करते. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे या चिकटणाऱ्या जिवांवर बरीच वर्षं अभ्यास चालला आहे. आपल्या मुलांनी तिथे जाऊन प्रश्न विचारायला लाजू नये.

भाच्याच्या मालकाच्या दोन बोटी आहेत, जवळपास सारख्या. आम्ही सांगितलं, एकाला सिलिकॉन, एकाला नुसतं पॉलिश. दोन्हींवर नवं झिंक, उघडं. पैज लावून नाही, वही घालून बघा. त्याच अंतराच्या फेरीला किती लिटर लागलं, ठरलेल्या थ्रॉटलला किती फेरे चढले, धूर कसा होता, बोट किती दिवस उभी होती, सगळं लिहायचं. मालक आधी हसला, मग म्हणाला, "ठीक आहे, वही तूच ठेव." पोराने दुकानातून लांब जिल्दीची वही आणली. पहिली नोंद ४ ऑगस्टची आहे, पॉलिशवाल्या बोटीची. फोटो पाठवला होता त्याने. अक्षर तेवढं सुधारायला पाहिजे.